पप्पा, बिंडाभर पाचट द्या की!

पत्र: ताई, मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पटावर सव्वीस मुलं, तीन ते सहा वर्षांची. ५ डिसेंबरला मृदा दिन म्हणून आम्ही प्रभातफेरी काढली. ‘माती वाचवा’च्या घोषणा पाठ करून घेतल्या आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळलं की माती मरते, असंही मुलांना सांगितलं. मागच्या आठवड्यात ऊस तुटून गेल्यावर एका मुलाच्या वडिलांनी रानातलं पाचट पेटवलं. मुलगा बांधावरून रडत ओरडला, “तुम्ही मातीला मारलं, तुम्ही वाईट हाय.” चार माणसं बघत होती. वडिलांनी त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत येऊन मला म्हणाले, “पोरांना अक्षरं शिकवा, शेती आमची आम्हाला कळती.” तेव्हापासून मुलगा गप्प असतो. इतर आयांचंही म्हणणं असं की मातीत खेळवू नका, कपडे मळतात. मी शेतकऱ्याची लेक आहे. मुलांना माती शिकवावी असं मनापासून वाटतं, पण आता भीती वाटते. माझं चुकलं काय आणि पुढं काय करू?

सेविकाताई,

आधी त्या पोराचं बोलू, मातीचं मागाहून.

पाच वर्षांच्या मुलाला बाप म्हणजे सगळ्यात ताकदीचा, सगळ्यात शहाणा माणूस. आणि बाई सांगतात ते खरं, हेही त्याला तितकंच पक्कं ठाऊक. तुम्ही त्याच्या हाती असं वाक्य दिलं की दोघांपैकी कुणीतरी एक खोटं ठरणारच. त्यानं तुमची बाजू घेतली, त्यासाठी मार खाल्ला, आणि आपलं चुकलं कुठं ते त्याला अजून कळलेलं नाही. तो गप्प आहे तो यामुळं. त्याला जवळ घ्या आणि सांगा, “मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती. तुझे पप्पा वाईट नाहीत. ते रानात राबतात म्हणून घरात भाकरी असते. पाचटाचं काय करायचं ते आपण सगळे मिळून बघू.” याहून जास्त काही बोलू नका. वडील त्याला सोडायला किंवा न्यायला आलेले असताना, त्यांच्या कानावर पडेल असं बोललात तर फार बरं.

मग एखाद्या संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, त्यांच्या घरी जा. हातात रजिस्टर नको. “पोरासमोर माझ्या तोंडून चुकीचं गेलं,” एवढं आधी म्हणा आणि मग विचारा, पाचट पेटवावं का लागतं? उत्तर नीट ऐका. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पुढचं पीक, फुटायला अडचण होते, सरीतून पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, पाचट पसरायला माणूस मिळत नाही, पाचट बारीक करणारं कुट्टीचं यंत्र वेळेवर येत नाही आणि आलं तर भाडं परवडत नाही, शेजाऱ्यानं पेटवलं की आग आपल्याकडं येतेच. यातलं एकही कारण खोटं नाही. माझे वडीलही पाचट जाळायचे. रात्री रान पेटलं की आम्ही पोरं माडीवरून बघायचो, आम्हाला ती दिवाळी वाटायची. नांगरटीचं पहिलं ढेकूळ कपाळाला लावणारा माणूस होता तो. त्याला कुणी मातीचा वैरी म्हटलं असतं तर मीही रडले असते.

आणि तरीही पाचट जाळू नये, हे मी ठामपणे म्हणते. हेक्टरभर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. ते पेटलं की त्यातला कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातात, पालाशसारखं काही राखेत उरतं, आणि जमिनीच्या अगदी वरच्या थरातले जीव भाजून निघतात. तेच सरीत कुजवलं तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत मुरणारा कस, वाढतो. त्यांच्याकडं मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचं सरकारी कार्ड, असेल तर तिच्यावर बारा बाबी असतात, त्यांतली सेंद्रिय कर्बाची ओळ दोघं मिळून वाचा. आकडा ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला. पण ही बोलणी मोठ्यांची आहेत. ती मोठ्यांनी मोठ्यांशी, समोरासमोर बसून करायची. मुलाच्या तोंडून बापाला निरोप पाठवायचा नाही. तुमचं चुकलं असेल तर एवढंच चुकलं.

आता मुलं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला माती ‘वाचवायला’ सांगू नका. धूप, प्रदूषण, पुढच्या पिढ्या यातलं त्याच्या हाताला काय लागणार? त्याला तहान कळते, भूक कळते, ऊन चटका देतं ते कळतं, पांघरूण कळतं. एवढ्यावर मातीची बरीचशी विद्या शिकवता येते, आणि त्यासाठी दोन वाफे पुरतात.

हे काम याच आठवड्यात सुरू करा, कारण गावात अजून कुणाचं तरी पाचट रानात पडलेलं असेल आणि पंधरा दिवसांत ते राहणार नाही. अंगणवाडीच्या आवारात शेजारी शेजारी दोन वाफे करा, प्रत्येकी दोन हात लांब आणि दीड हात रुंद. माती तीच, ऊनही तेच. एक वाफा तसाच उघडा ठेवा. दुसऱ्यावर वीतभर जाडीचं पाचट अंथरा. पाचट मुलांनीच आणायचं. प्रत्येकानं घरी जाऊन म्हणायचं, “पप्पा, बिंडाभर पाचट द्या की, आमच्या वाफ्याला पांघरूण घालायचंय.” ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांनी पाला, चिपाडं, भुसकट, जे असेल ते आणावं. त्या मुलाच्या वडिलांकडं पाचट उरलं नसेल तर वाफे खणून द्यायला त्यांना बोलवा. पोरासमोर त्याच्या बापाच्या हातात कुदळ असली पाहिजे, याला माझ्या लेखी सगळ्यात जास्त किंमत आहे.

रोज सकाळी दोन्ही वाफ्यांना एक एक तांब्या पाणी घाला. सारखंच पाणी, मुलांनी मोजून घातलेलं. सुट्टी व्हायच्या आधी, ऊन चढलं की, एक हात उघड्या मातीवर आणि दुसरा पाचटाखाली घालायला सांगा. आधी स्वतः हात ठेवून बघा बरं का, चैताच्या उन्हात काळी माती एवढी तापते की कोवळ्या हाताला सोसणार नाही. कोणती माती तहानलेली, कोणती गार, हे मुलं तुम्हाला सांगतील. तुम्ही काही सांगू नका. पंधरा दिवसांनी उघड्या वाफ्याला भेगा पडायला लागतील. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, भेगा त्यामुळं पडतात. मुलांना भेगेत काडी घालून खोली मोजू द्या, काडीवर खडूची खूण करू द्या. पाचट उचलून खालीही बघू द्या, पण पुन्हा होतं तसं झाकायला लावा. झाकणं हाच धडा आहे, आणि तो वर्षभर रोज गिरवायचा आहे.

पहिला वळीव आला की खरी गंमत. त्याआधी दोन्ही वाफ्यांच्या मागं एक एक पांढरी फरशी उभी करून ठेवा. कुणाच्या तरी घरी बांधकामातून उरलेली असतेच. पाऊस उघड्या मातीवर आपटतो तेव्हा चिखलाचे शिंतोडे उडतात आणि फरशी खालून हातभर रंगते. पाचटामागची फरशी बरीचशी स्वच्छ राहते. माती रानातून ओढ्यात कशी जाते, हे त्या दोन फरश्या दाखवतात, आणि आया पोरांना न्यायला आल्या की त्याही थांबून बघतात. त्याच दिवशी मुलांना ओली माती हुंगू द्या. तो वास मातीतले अगदी बारीक जिवाणू तयार करत असतात. “मातीत राहणाऱ्या बारक्या जिवांचा वास” असं सांगितलं तर तीन वर्षांच्या मुलालाही ते पटतं.

मातीत कुणीतरी राहतं, ही गोष्ट तुमच्या मुलांना नव्यानं शिकवायची गरजही नाही. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं शिराळा तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. नागपंचमीला जमीन नांगरायची नाही, खणायची नाही, हे तुमच्या भागातल्या प्रत्येक घरात पाळतात. आजीला विचारून या, असं मुलांना सांगा. आत राहणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून, असंच उत्तर घराघरातून येईल. त्या उत्तराला नागाबरोबर गांडूळ, शेणकिडा, गोम, वाळवी अशी बाकीची वस्ती जोडायचं काम तुमचं.

गांडुळांच्या बाबतीत मात्र माझा एक अनुभव सांगते, म्हणजे तुमच्याकडून तसं होणार नाही. मी पहिलीच्या वर्गावर होते तेव्हा एका प्रदर्शनासाठी काचेच्या बरणीत माती भरून सात-आठ गांडुळं सोडली आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून बरणी खिडकीत ठेवली. दुपारपर्यंत ऊन तिथं आलं. गांडूळ ओल्या कातडीनं श्वास घेतं, ती कातडी सुकली की ते जगत नाही. मुलांनी डब्याच्या सुट्टीत पाहिलं तेव्हा सगळी मेलेली होती. एक मुलगी त्यानंतर वर्षभर बागेच्या तासाला आली नाही. तेव्हापासून माझा नियम एकच राहिला, गांडूळ त्याच्या घरीच बघायचं. माती हलक्या हातानं बाजूला करायची, ओल्या तळव्यावर क्षणभर घ्यायचं, दहा अंक मोजायचे आणि परत ठेवून वर पांघरूण. चार्ल्स डार्विननं म्हातारपणी घरातल्या कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून त्यांचा अभ्यास केला होता. जवळ पियानो वाजवला तरी ती ढिम्म हलत नसत, पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला की सुळकन बिळात जात. त्यांना आवाज ऐकू येत नाही, जमिनीची थरथर मात्र कळते. ही गोष्ट मुलांना सांगा. वाफ्याजवळ ती आपोआप पाय न आपटता चालायला लागतात, मी ते पाहिलेलं आहे.

जूनमध्ये पेरणीजोगी ओल झाली की दोन्ही वाफ्यांत चवळी टोका. पाचटाच्या वाफ्यात तेवढ्यापुरतं पाचट बोटानं बाजूला सारायचं. त्याच वेळी दोन्हीकडं जुन्या सुती कापडाचा हातरुमालाएवढा एक एक तुकडा वीतभर खोल पुरा. कापड पूर्ण सुती हवं, टेरिकॉटचं काही होत नाही. दोन महिन्यांनी, नागपंचमीचा दिवस सोडून, दोन्ही तुकडे वर काढा. जिथं मातीतले जीव जास्त, तिथलं कापड जास्त कुरतडलेलं, विरलेलं निघतं. मुलं म्हणतील, मातीनं कापड खाल्लं. म्हणू द्या, ते बरोबरच आहे. चवळीचं एखादं रोप मुळासकट हलकेच उपटा आणि मुळांवरच्या गाठी दाखवा. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी दिसली तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देण्याच्या कामाला लागलेले आहेत. नत्र हा शब्द मुलांना सांगितला नाही तरी चालेल. “हा झाडाच्या पायाशी बांधलेला खाऊचा डबा,” असं मी सांगायचे.

बेंदराला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, चिखलाचे बैल करताना बांधावरची माती, ओढ्याची वाळू आणि कुंभारवाड्यातली चिकणमाती असे तीन ढीग ठेवा आणि मुलांना तिन्हींचा बैल करून बघायला सांगा. वाळूचा बैल उभाच राहत नाही. हीच माती काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर खळखळून ठेवली की वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे गाळाची मऊ माती, काही तासांत, आणि चिकणमातीनं गढूळ झालेलं पाणी दुसऱ्या दिवशीही पुरतं निवळत नाही. घटस्थापनेला शेतातली माती घरोघर येतेच. अंगणवाडीत सगळ्या घरची मुलं असतात, म्हणून पूजेचा भाग घरी राहू द्या आणि इथं दोन पराती करा, एकीत उघड्या वाफ्याची माती, दुसरीत झाकलेल्याची. दोन्हींत सारखेच गहू पेरा. नऊ दिवसांत काय उगवतं ते मुलं बघतील.

मोठ्या मुलांसाठी, आणि खरं तर त्यांच्या आईवडिलांसाठी, आणखी एक गोष्ट करा. परातीत मिठाचं पाणी घेऊन त्यात एक कोरडी भाजकी वीट उभी करा. पाणी विटेतून वर चढतं, हवेत उडून जातं, आणि काही दिवसांत विटेच्या वरच्या अंगाला पांढरं मीठ फुटतं. तुमच्या भागात उसाला पाटानं भरमसाठ पाणी देऊन, निचरा न झाल्यानं, किती रानं अशीच पांढरी झाली आहेत ते वेगळं सांगायला नको. मुलांना एवढंच म्हणा, “मातीलाही जास्त पाणी बाधतं.” कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशी क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत, हेही पालकांच्या कानावर घाला. बिघडलेली माती दुरुस्त होते हे कळलं की ऐकणाऱ्याच्या मनातला राग कमी होतो.

कपड्यांचं म्हणाल, तर आयांचं खोटं नाही. धुणं त्यांनाच धुवायचं असतं. प्रत्येक घरातून वडिलांचा किंवा भावाचा एक जुना सदरा मागा, तो अंगणवाडीतच खुंटीवर राहील. वाफ्याकडं जाताना तो घालायचा, आल्यावर काढायचा. आरोग्याची काळजी मात्र कडक घ्या. जिथं कुणी उघड्यावर बसतं, कुत्री-मांजरं घाण करतात, किंवा फवारणीचे पंप धुतले जातात, तिथली माती वाफ्यात नको. अंकुशकृमी अनवाणी पायातून शिरतो, म्हणून बाहेरच्या रानात फिरवताना चपला हव्यात. नखं कापलेली हवीत, काम झालं की साबणानं हात धुवायचे, आणि फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंताची गोळी एकाही मुलाची चुकू द्यायची नाही. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही कार्डावर बघून घ्या. एखादं मूल सारखी माती खात असेल तर त्याला रागावू नका, आशाताईंना सांगून त्याचं रक्त तपासायला लावा. त्यामागं अनेकदा लोहाची कमतरता असते.

पर्यवेक्षिका विचारतील, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं? त्यांना सांगा, १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या, आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढलं. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, खडे, शिंपले घेऊन त्यांनी आदिवासी पाड्यांवरची मुलं शिकवली. तुमच्या अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून रुजली आहे. काडीवरची खूण म्हणजे मोजणी, दोन पराती म्हणजे तुलना, चिखलाचा बैल म्हणजे बोटांचा व्यायाम. वहीत असंच लिहा. आणि येत्या ५ डिसेंबरला फेरी काढू नका. त्या दिवशी पालकांना बोलवा, दोन्ही वाफे त्यांच्यासमोर खणा, आणि बोलायचं काम मुलांना द्या. फरशी, कापड, काडी असं सगळं जपून ठेवलेलं असेल, ते मुलं दाखवतील. पाचटाच्या कुट्टीबद्दल विचारणारा एखादा बाप निघेलच, म्हणून गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनाही (पूर्वीचे कृषी सहाय्यक) बोलावून ठेवा.

एक राहिलं. वाफ्यांभोवती जाळी किंवा तुरीच्या काड्यांचा आडोसा करा, बाभळीचे काटे नकोत. पावसाळ्यात कोंबड्या येतील आणि पाचट उकरून फेकतील. उघड्या वाफ्याकडं त्या फिरकायच्याही नाहीत. त्या पाचटालाच का येतात, हे त्या गप्प बसणाऱ्या पोराला विचारा. तोवर त्याला ठाऊक झालेलं असेल.